नागरिकाची व्याख्या करणारा परका

'नागरिक कोणाला म्हणायचे?' हा प्रश्न ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथात नेटाने तपासला, पण तो स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. उत्तरेकडच्या स्टॅगिराचा हा माणूस अथेन्समध्ये 'मेटिक', म्हणजे वस्तीला आलेला परका. मेटिक पुरुषाला वर्षाला 12 ड्राख्मा (चांदीची नाणी) कर पडे. सभेत मत नसे आणि सहसा जमीनही घेता येत नसे.

भेदाची ही भिंत हळूहळू चढत गेली. इ.स.पू. 594 मध्ये सोलोन या कायदेकर्त्याने कर्जापायी माणूस गुलाम होण्याची चाल मोडली, म्हणजे अथेन्सचा माणूस आणि गुलाम यांच्यात रेघ पडली. 508-507 मध्ये क्लेइस्थेनिसने नागरिकांची नोंद 'डीम'वार, म्हणजे गाववार केली आणि दहा विभागांतून प्रत्येकी 50 अशी 500 जणांची परिषद उभारली. दार आवळले ते अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने. 451-450 च्या त्याच्या कायद्याने आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक ठरू लागले.

गंमत अशी, की त्याची सहचारिणी अस्पाशिया मिलेटसची, म्हणजे परकी होती. साथीत दोन्ही औरस मुलगे गेले, तेव्हा अस्पाशियाच्या मुलासाठी त्याला स्वतःच्याच कायद्यातून सूट मागावी लागली. ती मिळाली. तो मुलगा पुढे सेनापती झाला. 406 मध्ये आर्गिनुसाईची आरमारी लढाई जिंकूनही, बुडणाऱ्या खलाशांना वाचवले नाही म्हणून सभेने सहा सेनापतींना मिळून एकाच मतदानात मृत्युदंड दिला. त्यात तोही गेला. एकगठ्ठा खटला बेकायदा आहे म्हणून अध्यक्षमंडळातला एक जण शेवटपर्यंत अडून बसला होता. तो सॉक्रेटिस.

399 मध्ये न्यायसभेच्या निकालाने त्याच्यावरही विषाचा प्याला पिण्याची वेळ आली. 'क्रिटो' या संवादात त्याचा शिष्य प्लेटो तुरुंगातल्या सॉक्रेटिससमोर साक्षात कायद्यांनाच बोलते करतो: तुला वाढवले आम्ही, आता पळून जाणार? पण जमावाच्या निवाड्यावरचा प्लेटोचा विश्वास उडाला तो उडालाच.

ॲरिस्टॉटल प्लेटोचा शिष्य, तरी अधिक व्यवहारी. नुसते राहण्याने कोणी नागरिक होत नाही. न्यायदानात आणि सत्तेत ज्याचा वाटा तो नागरिक, असे त्याचे म्हणणे. आळीपाळीने राज्य करायचे आणि राज्य मानायचेही. या 'पोलिस'मध्ये, म्हणजे नगरराज्यात, स्त्रिया आणि गुलाम बसत नव्हते, आणि गुलामगिरीचे त्याने चक्क समर्थन केले. (आपला 'पोलीस' शब्द याच 'पोलिस'मधून फिरत फिरत, इंग्रजीमार्गे आला.)

323 मध्ये मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर (सिकंदर) वारला. अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध वारे फिरले, तसा अलेक्झांडरचा हा जुना गुरू खॅल्किसला निघून गेला आणि 322 मध्ये तिथेच वारला. त्याच वर्षी विजयी मॅसिडोनियन सेनानी अँटिपेटरने अथेन्सवर अट लादली: 2000 ड्राख्मांची मालमत्ता असेल तोच नागरिक. आईवडील दोघेही अथेन्सचे असलेल्या हजारोंचे नागरिकत्व एका फटक्यात गेले.