वाचनलाभ (भूमिकाखेळ)

वाचनलाभ : कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मेजाभोवती खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात (यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो), त्या खेळाच्या कल्पित जगावर बेतलेली कादंबरी वाचल्याबद्दल खेळाडूच्या पात्राला मिळणारे बक्षीस. ते अनुभवगुणांच्या, म्हणजे पात्राला वरच्या पातळीवर नेणाऱ्या गुणांच्या रूपाने मिळते, फासा पुन्हा टाकण्याच्या सवलतीने मिळते, कधी एखादी वस्तू किंवा कथेतल्या कोणाची ओळख म्हणूनही मिळते. वाचतो खेळाडू आणि लाभ होतो पात्राला. या प्रथेविषयीचे बहुतेक वाद या एका विसंगतीतून निघालेले आहेत.

‘वाचनलाभ’ हा शब्द या नोंदीच्या सोयीसाठी योजला आहे. खेळणारे ‘बोनस’, ‘एक्सपी’ किंवा नुसतेच ‘बक्षीस’ म्हणतात. खेळ चालवणाऱ्याला ते ‘डीएम’ वा ‘जीएम’ म्हणतात. येथे त्याला सूत्रधार म्हटले आहे.

उगम : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि तेथून भूमिकाखेळाचा छापील इतिहास सुरू होतो. वाचनलाभाचा उगम मात्र एका सालाशी बांधता येत नाही. तो तीन वाटांनी शोधता येतो, आणि तिन्ही वाटा सारख्याच भक्कम नाहीत.

पहिली वाट १९७९ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेतील वाचनयादीपाशी नेते. ‘परिशिष्ट एन’ या नावाने ती ओळखली जाते आणि खेळाला स्फूर्ती देणारे लेखक व ग्रंथ तिच्यात नोंदले आहेत. खेळ आणि वाचन यांचे नाते येथे प्रथम उघडपणे मांडले गेले, असे म्हणता येईल. परंतु या यादीत बक्षिसाचा मागमूस नाही. शिवाय तिची दिशा उलटी आहे: तेथे पुस्तकांतून खेळ निघाला आहे, खेळातून पुस्तक नव्हे. खेळातून निघालेल्या कादंबऱ्यांत आंद्रे नॉर्टन यांची १९७८ ची कादंबरी सामान्यतः पहिली मानतात.

दुसरी वाट १९८४ च्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेकडे जाते. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या कादंबऱ्या आणि त्याच कथानकावरच्या खेळपुस्तिका एकाच सुमारास बाजारात आल्या. कादंबरीतील पात्रेच खेळाडूंना खेळायला मिळत. त्यामुळे जो अडचणीचा प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर पुस्तिकांनी ‘अस्पष्ट मृत्यू’ या नियमाने दिले. पुढच्या भागात लागणारे पात्र फाशांच्या कौलाने मेलेच, तर त्याचा देह दिसू द्यायचा नाही, म्हणजे पुढे त्याला परत आणता येते. हा नियम वाचनलाभाच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण छापील कादंबरीने मेजावरच्या फाशाला वाकवल्याचे हे ठळक उदाहरण आहे. मात्र येथेही वाचकाला बक्षीस नाही. झालाच तर उलटा प्रकार होतो. ज्याने कादंबरी आधी वाचली त्याला पुढचे ठाऊक असते, आणि सूत्रधार त्याच्याकडे संशयाने पाहतो.

तिसरी वाट संघटित खेळाची. १९८० मध्ये ‘आरपीजीए’ ही खेळाडूंची संघटना सुरू झाली. आज एका गावात खेळलेले पात्र उद्या दुसऱ्या गावात, अनोळखी सूत्रधारासमोर बसवायचे, तर त्याने मिळवलेली तलवार खरी की मनची, हे ठरवायला कागद लागतो. म्हणून सही केलेली प्रमाणपत्रे आली. पुढे ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या भूमिकाखेळासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘पाथफाइंडर सोसायटी’च्या खेळात प्रत्येक प्रसंगानंतर ‘क्रॉनिकल शीट’ नावाचा नोंदपत्रक-कागद भरण्याची रीत पडली. २०१० पासून त्याच जगावरच्या कादंबऱ्या निघू लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठीही अशी पत्रके काढण्यात आली. कादंबरी वाचलेल्या खेळाडूने पत्रक सूत्रधाराकडून भरून घ्यायचे आणि त्यावरची छोटी सवलत आपल्या पात्राला लावायची. वाचनलाभ नियमबद्ध झाला तो येथे.

या तिन्हींत तिसरी वाट अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या दोन वाटांत वाचनाचे महत्त्व आहे, पण नोंद नाही. आणि नोंदीवाचून बक्षीस ही घरगुती मर्जी ठरते. मात्र मधला एक दुवा विसरू नये. १९८९ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीने वैयक्तिक गुणांची ऐच्छिक तरतूद केली. खेळाडूला सुचलेल्या चतुर कल्पनेबद्दल ५० ते १००, भूमिका चांगली वठवल्याबद्दल १०० ते २०० अनुभवगुण असे ते कोष्टक होते. त्याआधी गुण मुख्यतः राक्षस मारून आणि धन मिळवून येत, म्हणजे पात्राच्या कर्तबगारीतून. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या वागण्याला पात्राच्या खात्यावर गुण द्यायचे हे एकदा मान्य झाल्यावर घरी बसून पुस्तक वाचणाऱ्याला काही द्यावे, हा विचार फार दूर राहत नाही.

प्रकाशकांनी कादंबऱ्या खपवण्यासाठी ही युक्ती काढली, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य असणारच. पण दुकानाच्या हिशेबाने एवढेच कळते की कागद का छापला. सूत्रधार आपल्या घरच्या खेळात, कोणी न सांगता, हेच बक्षीस का देतो, हे त्याने उलगडत नाही.

लाभाचे माप : अनुभवगुण ठरावीक आकड्यात देणे ही सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत वाईट पद्धत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीवरून दुसरीवर जाण्यास ३०० गुण लागतात. एका कादंबरीचे ५० गुण धरले तर हा सहावा हिस्सा झाला, म्हणजे सहा पुस्तके वाचून पात्र एकही तलवार न उपसता वर चढेल. तेच पात्र दहाव्या पातळीवर (६४,००० गुण) असेल तर अकरावीसाठी ८५,००० लागतात. मधल्या २१,००० मध्ये ५० म्हणजे ४२० वा हिस्सा. तेव्हा त्याच जाडीच्या पुस्तकाला कोणी हात लावणार नाही.

फासा पुन्हा टाकण्याची किंवा दोनदा टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत अधिक समतोल राहते, कारण ती पातळीप्रमाणे झिजत नाही. वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा अधिक हवे असेल तर एकदा टाकून शक्यता ५० टक्के, दोनदा टाकून ७५ टक्के. नेमका २० च हवा असेल तर ५ वरून ९.७५. म्हणजे अटीतटीच्या मधल्या प्रसंगी ही सवलत खरी उपयोगी पडते आणि अशक्यप्राय प्रसंगी फारशी नाही. कथेच्या दृष्टीनेही हे बरे.

तिसरा प्रकार ओळखीचा. कादंबरीत भेटलेला एखादा सराईवाला पात्राला आडनावासकट ओळखतो आणि एका रात्रीचा आसरा देतो. याला आकडा नाही, त्यामुळे नियमपुस्तकांत याला जागा कमी मिळते. खेळणाऱ्यांच्या लक्षात मात्र हाच राहतो.

पडताळणी : वाचले हे कशावरून? प्रत दाखवणे हा संघटित खेळातला नेहमीचा मार्ग. पण प्रत असणे आणि वाचलेली असणे यांत अंतर आहे, हे कोणत्याही घरातले पुस्तकांचे कपाट सांगेल. घरगुती मेजावर तोंडी प्रश्न विचारतात, नाहीतर चार ओळींत गोष्ट सांगायला लावतात. ‘वाचलंस की नुसतं चाळलंस?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सूत्रधाराला असावा की नाही, यावर खेळाचे अर्धे सत्र खर्ची पडू शकते. प्रत दाखवण्याची सक्ती केली तर वाचनालयातून पुस्तक आणून वाचणारा मागे पडतो; खरे तर तोच मुदतीत पुस्तक संपवत असतो.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. खेळाडूला जे माहीत आहे ते पात्राला माहीत असेलच असे नाही, हा भूमिकाखेळाचा मूळ संकेत. वाचनलाभ तो उलटवतो असे काही मानतात. येथे असे सुचवावेसे वाटते की, तो संकेत वाचनलाभाने मोडत नाही, उलट सांभाळला जातो. कादंबरीतले गुपित खेळाडूने मेजावर फोडू नये म्हणून त्याच्या वाचनाची किंमत वेगळ्या नाण्यात चुकवली जाते. पुस्तकातला चोरदरवाजा सूत्रधार हलवून ठेवतो आणि वाचकाला त्याऐवजी एक जादा फासा देतो.

फलश्रुतीशी साम्य : मराठी वाचकाला या प्रथेत अनोळखी वाटावे असे फारसे नाही. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. हा ग्रंथ जो वाचील वा ऐकील त्याला काय मिळेल, हे तेथे ओव्यांतून सांगितलेले असते. गुरुचरित्राचा सात दिवसांचा सप्ताह, नवनाथांचे किंवा शिवलीलामृताचे पारायण ही बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत परिचित आहेत. गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची घरची भाषा कन्नड होती असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ग्रंथाचे एक मोठे केंद्र असलेले गाणगापूर आजच्या कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. वाचनाचे फळ सांगणारा आणि ज्याची पारायणे होत आली असा हा मराठी ग्रंथ दोन भाषांच्या शिवेवर उभा आहे.

फरकही आहेत. फलश्रुती ग्रंथाच्या आत असते आणि वाचनलाभ बाहेरच्या कागदावर असतो. फलश्रुतीला परीक्षक नसतो, वाचनलाभाला सूत्रधाराची सही लागते. आणि तिसरा, महत्त्वाचा: फलश्रुती वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही फळ सांगते, तर छापील वाचनलाभ फक्त वाचणाऱ्याचे नाव लिहितो.

सीमाभागातील स्थिती : १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा मराठी वस्तीचा पट्टा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. (शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे; मराठीत बोलताना बेळगावच म्हणतात.) वाचनाला येथे नुसत्या छंदापेक्षा थोडे अधिक वजन आहे. १९२९, १९४६ आणि २००० अशी अखिल भारतीय साहित्य संमेलने बेळगावात भरली. १९४६ चे, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचे संमेलन संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावामुळे इतिहासात गेले. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी अशा आसपासच्या गावांतही ग्रामस्थ साहित्य संमेलने भरवतात. फाशांचीही ओळख जुनी. मराठी घरांत सारीपाट, शेजारच्या कन्नड घरात तोच पट ‘पगडे’.

भूमिकाखेळाच्या कादंबऱ्या मात्र येथे इंग्रजीतूनच वाचाव्या लागतात, आणि वाचनलाभाचा खरा पेच येथे बसतो. एकाच गल्लीतली मुले मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन माध्यमांच्या शाळांत जातात. उदाहरणादाखल, बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका घरात पाच जणांनी पट मांडला आहे असे धरू. बोलणे मराठीत, मधूनच कन्नड, आणि नियमांचे शब्द सगळे इंग्रजी. साडेतीनशे पानांची इंग्रजी कादंबरी पंधरा दिवसांत संपवणारा पाचांत एखादाच. बक्षीस त्यालाच दिले तर ते वाचनाचे राहत नाही, शाळेच्या माध्यमाचे होते.

यावर दोन तोडगे संभवतात. एक, त्या जगावरच्या कादंबरीऐवजी दुसरे वाचन चालवून घ्यायचे. सूत्रधाराने आपले कल्पित राज्य भीमगड, राजहंसगड किंवा हलशीच्या कदंबकालीन देवळांच्या धर्तीवर रचले असेल तर त्या स्थळांवरचा मराठी वा कन्नड मजकूर वाचणाऱ्याला तोच लाभ द्यावा. कित्तूरचा इंग्रजांविरुद्धचा १८२४ चा लढा, किंवा १८३१ मध्ये नंदगडला फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा, यांच्याविषयी वाचून आलेला खेळाडू गनिमी तुकडीचे पात्र अधिक ताकदीने उभे करील यात शंका नाही. तरी काटेकोरपणे पाहता हा वाचनलाभ नव्हे. कल्पित जगाची कादंबरी वाचण्याचा मूळ हेतू त्यात सुटतो.

दुसरा तोडगा पोथीवाल्यांचा आहे, आणि तो अधिक पटतो. एकाने वाचायचे, अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. येथल्या देवळांत ग्रंथ असेच ऐकले जातात. इंग्रजी वाचणाऱ्याने सत्राच्या सुरुवातीला एक प्रकरण मराठीत सांगितले, तर पडताळणी आपोआप होते, कारण न वाचलेली गोष्ट तपशिलासह सांगता येत नाही. ऐकणाऱ्यांनाही जगाची ओळख होते. मग लाभ कोणा एकाच्या कागदावर न लिहिता फासा पुन्हा टाकण्याची एक सवलत सर्वांत मिळून ठेवायची. मेजाच्या मध्यावर एक कवडी ठेवली की पुरते. ज्याला गरज पडेल त्याने ती उचलायची, आणि पुढचे प्रकरण सांगून होईपर्यंत ती जागा रिकामी राहते.