डिफॉल्ट सेटिंग आणि लागू सेटिंग: ऑडिटरला नेमकं काय दाखवायचं?

‘सर्व्हरवरची युजर सिक्युरिटीची डिफॉल्ट सेटिंग्ज दाखवा.’ ऑडिटरच्या यादीतली ही ओळ दिसायला अगदी साधी. माझ्या पहिल्या ऑडिटमध्ये मी लिनक्स सर्व्हरवरची लॉगिन.डेफ्स (login.defs) ही खात्यांच्या डिफॉल्टची फाइल उघडली, पास_मॅक्स_डेज म्हणजे पासवर्ड जास्तीत जास्त किती दिवस चालेल त्या ओळीसमोर ९० दिसलं, स्क्रीनशॉट काढला आणि पाठवून दिला. दोन दिवसांनी ऑडिटरनं पाच युजर निवडून त्यांच्या पासवर्डची मुदत मागितली. पाचांतल्या चौघांपुढे ९९९९९ दिवस होते, म्हणजे जवळजवळ २७४ वर्षं. स्क्रीनशॉट खरा होता. त्यावरून मी जो अर्थ काढला होता, तो चुकीचा होता.

लिनक्समध्ये लॉगिन.डेफ्समधल्या पासवर्डच्या मुदतीच्या ओळी म्हणजे गणपतीच्या कारखान्यातला साचा. युजरॲड कमांड नवा युजर घडवते तेव्हा तिथला आकडा उचलते आणि शॅडो (shadow) या पासवर्डच्या नोंदींच्या फाइलमध्ये त्या युजरच्या ओळीत लिहून टाकते. त्यानंतर त्या दोघांचा संबंध संपतो. साचा बदलला म्हणून आधीच रंगवून मांडलेल्या मूर्ती बदलत नाहीत, तसे ९९९९९ चे ९० केले म्हणून जुन्या युजरना ९० लागत नाहीत. आमच्या सर्व्हरवर तेच झालं होतं: कुणीतरी नीट धोरण वाचून फाइल सुधारली होती, पण ते चौघं युजर त्याआधीचे होते.

खरी किंमत शॅडोमध्ये असते. तिथे प्रत्येक युजरची एक ओळ, कोलननं तोडलेले नऊ रकाने. तिसऱ्यात पासवर्ड शेवटचा कधी बदलला तो दिवस (१ जानेवारी १९७० पासून मोजलेला), चौथ्यात किमान दिवस, पाचव्यात कमाल दिवस, सहाव्यात किती दिवस आधी सूचना द्यायची ते. एकेका युजरसाठी चेज (chage) कमांड -एल पर्यायासह चालवली की हेच सगळं वाचता येईल अशा तारखांत मिळतं.

आता हाच प्रश्न आयबीएमच्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर विचारला, तर ‘डिफॉल्ट’ या शब्दाचा अर्थच पालटतो, आणि दोन्ही प्रकारचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांची गफलत इथेच होते. एआयएक्समध्ये ईटीसीखालच्या सिक्युरिटी डिरेक्टरीत युजर नावाची फाइल असते. तिच्यात ‘डिफॉल्ट’ नावाचा एक परिच्छेद आणि खाली प्रत्येक युजरचा स्वतःचा परिच्छेद. युजरच्या परिच्छेदात एखादं कलम लिहिलेलं नसेल, तर सिस्टिम त्या त्या वेळी डिफॉल्टमधलं वाचते. म्हणजे हा साचा नाही, हा सोसायटीचा चालू नियम आहे. आज बदलला की आजच सगळ्यांना लागू, अगदी दहा वर्षांपूर्वीच्या युजरलाही. अपवाद एकच: ज्याच्या परिच्छेदात ते कलम वेगळं लिहिलेलं आहे तो. कधीतरी कुणाच्या तरी सोयीसाठी सीएचयूजर (chuser) कमांडनं मॅक्सएज, म्हणजे पासवर्डची कमाल मुदत, शून्य केलं, म्हणजे मुदतच काढून टाकली, की तो युजर डिफॉल्टच्या हाताबाहेर गेला. त्याला परत आणायचं तर त्याच कमांडनं मॅक्सएजची किंमत रिकामी ठेवायची. मग ते कलम त्याच्या परिच्छेदातून निघतं.

शिवाय एआयएक्समध्ये मॅक्सएज आठवड्यांत मोजतात. १३ दिसलं तर ते ९१ दिवस असतात. हे ऑडिटरला आधीच लिहून कळवावं; दिवसांच्या सवयीनं वाचणाऱ्याला १३ चा अर्थ भलताच लागतो. आणि साचा म्हणावा अशी फाइल एआयएक्समध्येही आहे, एमकेयूजर.डिफॉल्ट, पण तिच्यात नव्या युजरचा ग्रुप, शेल, होम डिरेक्टरी अशा गोष्टी असतात. नावात ‘डिफॉल्ट’ आहे म्हणून मुदतीचा पुरावा म्हणून ती देऊ नये.

पासवर्डची लांबी या दोन्हींहून वेगळी वागते. लिनक्सवर ती बहुधा पॅम (PAM) या लॉगिन आणि पासवर्ड तपासणाऱ्या व्यवस्थेतलं पीडब्ल्यूक्वालिटी मॉड्यूल तपासतं. तिथला मिनलेन, म्हणजे किमान लांबीचा आकडा जुन्या-नव्या सगळ्या युजरना लागू असतो, पण पासवर्ड बदलताना. काल ठेवलेला आखूड पासवर्ड पुढच्या बदलापर्यंत तसाच चालतो. लॉगिन.डेफ्समध्ये पास_मिन_लेन अशीही ओळ सापडेल. पॅम वापरणाऱ्या सिस्टिममध्ये तिला विचारतच नाहीत. उलट त्याच फाइलमधला उमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा) पॅमचं उमास्क मॉड्यूल लावलेलं असेल तर प्रत्येक लॉगिनला वाचला जाऊ शकतो. म्हणून अख्ख्या फाइलबद्दल एकच विधान करणं धोक्याचं. प्रत्येक ओळीला विचारावं: तू केव्हा वाचली जातेस? युजर बनताना, पासवर्ड बदलताना, की दर लॉगिनला?

माझं मत स्पष्ट आहे: ऑडिटरनं फक्त डिफॉल्ट मागितलं तरी डिफॉल्ट आणि लागू सेटिंग दोन्ही द्यावं. लिनक्ससाठी लॉगिन.डेफ्समधल्या ओळी, युजरॲड -डी (मोठा D) चं आउटपुट, पीडब्ल्यूक्वालिटी आणि फेललॉकची (चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक करणाऱ्या मॉड्यूलची) सेटिंग्ज, आणि जोडीला सगळ्या युजरच्या मुदतीची यादी. एआयएक्ससाठी एलएससेक (lssec) कमांडनं काढलेला डिफॉल्ट परिच्छेद आणि एलएसयूजर कमांडला ‘ऑल’ देऊन मॅक्सएज, मिनलेन, लॉगिनरीट्राइज (लॉगिनचे किती चुकीचे प्रयत्न चालतील ते). ही दुसरी कमांड डिफॉल्ट आणि अपवाद यांचा हिशोब करूनच उत्तर देते, त्यामुळे अपवाद लगेच उठून दिसतात. प्रत्येक आउटपुटच्या वर होस्टनेम आणि तारीख यायला हवी, नाहीतर तो कुठल्या सर्व्हरचा आणि कधीचा पुरावा हे कुणालाच सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. शॅडो फाइल उचलून ईमेलला जोडू नका. दुसऱ्या रकान्यात पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं असतात; ती फाइल ज्याच्या इनबॉक्सात गेली त्याला निवांत बसून ते फोडता येतात. ऑक (awk) कमांडनं पहिला आणि तिसरा ते सहावा एवढेच रकाने काढा. खातं लॉक आहे का हे दाखवायचं असेल तर तसा शब्द लिहा, रकाना नको.

फरक सापडला की दुरुस्तीची घाई होते, आणि तिथेच सर्व्हरवरची कामं अडतात. लिनक्सवर चेज -एम (मोठा M) ९० चालवल्यावर मुदत मागच्या बदलाच्या तारखेपासून मोजली जाते. ज्याचा पासवर्ड चार वर्षांपूर्वीचा, त्याची मुदत त्याच क्षणी संपते. माणूस असेल तर पुढच्या लॉगिनला नवा पासवर्ड टाकेल. पण रात्री दोनला बॅकअप चालवणारं खातं काय टाकणार? पॅम खात्याची मुदत तपासतं आणि क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम नाकारतं. पासवर्डऐवजी एसएसएच की वापरून लॉगिन करणारी खातीही यातून सुटतीलच असं नाही. म्हणून आधी माणसांची आणि कामाची खाती वेगळी करावीत, दुसऱ्या गटासाठी लेखी अपवाद मंजूर करून घ्यावा आणि तो अपवादही पुराव्यासोबत द्यावा. एआयएक्सवर डिफॉल्ट परिच्छेदाला हात लावताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तिथे एका ओळीचा बदल एकाच वेळी सगळ्यांवर जाऊन पडतो.