लिंबूटिंबूवर राज्य येत नाही

सुट्टी लागली की आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये डबा ऐसपैस सुरू होतो. परवा खेळापेक्षा भांडणच जास्त रंगलं. लपलेल्या दोघांनी आपापसांत शर्ट बदलले. ज्याच्यावर राज्य होतं, त्याने शर्ट बघून नाव घेतलं, ते चुकलं आणि सगळे ओरडले, "अंडं फुटलं!" तो काही मानेना. "शर्ट बदलायचं ठरलं नव्हतं." "बदलायचं नाही असं तरी कुठे ठरलं होतं?" दहा मिनिटं वकिली झाली. शेवटी हा डाव रद्द, पुढच्या डावापासून शर्ट बदललेले चालतील, असा निकाल लागला. तोवर एकाचेही आईवडील खाली आले नव्हते.

ही वकिली ज्याँ पियाजेने मन लावून ऐकली असती. हा स्विस मानसशास्त्रज्ञ जिनिव्हा आणि न्यूशातेलमधल्या मुलांसोबत गोट्या घेऊन बसायचा. "लहानपणी खेळायचो, आता विसरलोय, मला शिकव," असं म्हणून तो मुलांना बोलतं करायचा. मग हळूच विचारायचा: हे नियम केले कुणी? ते बदलता येतील का?

पाच-सहा वर्षांची मुलं सांगत, नियम वडिलांनी केले, देवाने केले, नाहीतर गावच्या कारभाऱ्यांनी. ते बदलणं म्हणजे पाप. गंमत अशी की हीच मुलं खेळताना मात्र नियम सर्रास मोडत. दोघं शेजारी बसून आपापलं खेळत आणि दोघंही जिंकत! दहा-अकराच्या पुढची मुलं नियम काटेकोर पाळत, पण सगळ्यांना मान्य असेल तर बदलायलाही तयार असत. मोठ्यांच्या धाकातून मूल आज्ञा पाळायला शिकतं, न्याय मात्र ते बरोबरीच्यांशी खेळता-भांडता शिकतं, असं पियाजेने १९३२च्या पुस्तकात मांडलं. भोवऱ्यात रमलेल्या किंवा सागरगोट्या झेलणाऱ्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. (मुलींचे खेळ त्याने ओझरतेच पाहिले, हा त्याच्यावरचा आक्षेप रास्तच आहे.)

लहानग्यांना त्याने जरा कमीही लेखलं. पुढे एलियट ट्युरिएल आणि इतरांच्या अभ्यासांतून दिसलं की बालवाडीच्या वयातल्या मुलांनाही दोन प्रकारच्या नियमांतला फरक कळतो. खाऊ कुठे बसून खायचा, हा नियम बाईंनी बदलला तर बदलला. पण बाईंनी परवानगी दिली तरी दुसऱ्याला मारणं वाईटच.

वाटणीचं गणित जास्त अवघड. त्यावर २०१५ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: भारतासह सात देश, ४ ते १५ वर्षांच्या मुलांच्या ८६६ जोड्या. दोघं समोरासमोर बसतात. मधल्या यंत्रावर दोन ताटल्या, त्यांत खाऊ. निर्णय एकाच्याच हातात. हिरवा दांडा ओढला तर ज्याचं त्याला मिळतं. लाल ओढला तर सगळा खाऊ मधल्या वाडग्यात पडतो, कुणालाच काही नाही. 'मला एक, त्याला चार' अशी वाटणी सातही देशांतली मुलं कधी ना कधी नाकारू लागली, कुठे लवकर, कुठे उशिरा. स्वतःचा एक गेला तरी चालेल, पण त्याला चार नकोत! 'मला चार, त्याला एक' हे मात्र फक्त अमेरिका, कॅनडा आणि युगांडातल्या थोड्या मोठ्या मुलांनी नाकारलं.

म्हणून आपली मुलं आपमतलबी ठरत नाहीत. ताटात पडलेलं टाकू नये, हे ज्या घरांत रोज ऐकू येतं, तिथल्या पोराला पाच गोळ्या वाडग्यात ओतणं हाच अन्याय वाटत असेल. हा आपला माझा तर्क. पण 'माझ्यावर अन्याय झाला' हे सगळीकडे उमगतं आणि 'माझ्यामुळे त्याच्यावर झाला' हे उमगायला जास्त काही लागतं, एवढं खरं.

ते 'जास्त काही' मला लिंबूटिंबूत दिसतं. सर्वांत धाकट्याला खेळायला घ्यायचं, पण तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. सगळ्यांना सारखा नियम हा एक न्याय झाला. ज्याचे पाय आखूड त्याला सवलत, हा त्याच्या पुढचा. पियाजेच्या मते ही दुसरी समज साधारण अकरा-बारानंतर पक्की होते. आपल्याकडे तर त्यासाठी शब्दही तयार आहे, आणि तो मुलांच्याच तोंडी आहे.

पार्किंगमध्येही एक लिंबूटिंबू आहे, पाच वर्षांचा. त्या दिवशी तो तीनदा सापडला आणि तिन्ही वेळा सुटला. चौथ्यांदा डब्यापाशीच पाय आपटत उभा राहिला. "मला पण राज्य पाहिजे!" मोठी पोरं पुन्हा गोळा झाली, पुन्हा वाद. मग एकाने डबा त्याच्यासमोर ठेवला, आणि तो डोळे घट्ट मिटून, सातनंतर थेट दहा म्हणत, आकडे मोजू लागला.