पॅकार्डच्या संकल्पना-मोटारी

पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने 1952 ते 1956 या काळात प्रदर्शनांसाठी किंवा चाचणीसाठी घडविलेल्या, परंतु मूळ स्वरूपात कधीही विक्रीस न आलेल्या मोटारगाड्या. त्या काळच्या बोलीत त्यांना ‘ड्रीम कार’ म्हणत. ओहायओ राज्यातील वॉरन येथे 1899 मध्ये सुरू झालेली व 1903 मध्ये डिट्रॉइटला स्थलांतरित झालेली ही कंपनी दोन महायुद्धांदरम्यान श्रीमंती मोटारींसाठी प्रसिद्ध होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र तिची या वर्गातील आघाडी कॅडिलॅक या प्रतिस्पर्धी मोटारनाममुद्रेकडे गेली. संकल्पना-मोटारींची मालिका या पीछेहाटीच्या काळातील आहे.

मालिकेची सुरुवात सामान्यतः 1952 च्या ‘पॅन अमेरिकन’पासून मानली जाते. रिचर्ड आर्बिब यांच्या आराखड्यानुसार इलिनॉय राज्यातील फ्रीपोर्ट येथील हेनी या शववाहिका व रुग्णवाहिका बांधणाऱ्या कंपनीने ती घडविली. ही गाडी जशीच्या तशी विक्रीस आली नसली, तरी तिच्यावरून 1953 ची ‘कॅरिबियन’ निघाली आणि तिच्या पहिल्या वर्षी 750 गाड्या तयार झाल्या. त्यामुळे ‘विक्रीस न आलेली’ हे वर्णन तिला पूर्णपणे लागू होत नाही. 1954 च्या ‘पँथर’चे तसे नाही. फायबरग्लासचे शरीर आणि 359 घन इंची, सरळ रांगेतील आठ सिलिंडरांचे इंजिन असलेल्या अशा चार गाड्या बांधण्यात आल्या. कंपनीच्या जुन्या शर्यतगाडीची आठवण म्हणून तिला ‘ग्रे वुल्फ 2’ असेही म्हटले गेले. डेटोना येथील चाचणीत ताशी सुमारे 131 मैल वेग मिळाल्याचे सांगितले जाते, मात्र हा आकडा अधिकृत नोंदीचा नव्हे. 1955 च्या ‘रिक्वेस्ट’मध्ये युद्धपूर्व पॅकार्डची पुढची उभी जाळी नव्या शरीरावर बसविली होती. ती परत आणावी अशी ग्राहकांची मागणी असल्याने गाडीला हे नाव मिळाले.

जानेवारी 1956 मध्ये शिकागो येथे मांडलेली ‘प्रेडिक्टर’ ही मालिकेतील सर्वांत महत्त्वाची गाडी होय. इटलीतील तुरिन येथील गिया या कारखान्याने ती पॅकार्डच्याच ‘क्लिपर’ या मोटारीच्या चौकटीवर सुमारे तीन महिन्यांत बांधली. मागे सरकणारे छताचे फलक, झाकले जाणारे दिवे, बाहेरच्या बाजूस फिरणारी आसने, छताच्या बाजूंना लहान गोल खिडक्या आणि उलट्या उताराची, खाली उतरणारी मागील काच ही तिची वैशिष्ट्ये होत.

मागील काचेच्या या रचनेचा उगम वादग्रस्त आहे. फोर्ड कंपनीच्या मर्क्युरी या नाममुद्रेच्या 1956 च्या ‘एक्सएम टर्नपाइक क्रूझर’ या प्रदर्शनी गाडीतही दार उघडताच वर उचलले जाणारे छताचे फलक होते, ती गाडीही गियानेच बांधली होती आणि 1957 च्या विक्रीच्या मर्क्युरीत खाली उतरणारी मागील काच आली. शिवाय पॅकार्डच्या रचनाविभागाचे प्रमुख विल्यम श्मिट हे लिंकन-मर्क्युरीमधूनच आले होते. म्हणून ही कल्पना श्मिट यांनी सोबत आणली असे काही जण मानतात. याउलट, उलट्या उताराची काच पॅकार्डच्या 1953 च्या ‘बाल्बोआ’मध्ये आधीच दिसते व ती पॅकार्डचे रचनाकार रिचर्ड टीग यांच्या नावे सांगितली जाते. कालक्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, परंतु सरकत्या छताबाबत ते लागू करता येत नाही. प्रेडिक्टरचे एकूण श्रेयही असेच विभागलेले आहे. दिग्दर्शन श्मिट यांचे आणि तपशील मुख्यतः टीग यांचा, अशी विभागणी वस्तुस्थितीस जवळची दिसते.

प्रेडिक्टर केवळ प्रदर्शनाचे खेळणे नव्हते. 1957 साठी योजलेल्या नव्या पॅकार्डची काही वैशिष्ट्ये तिच्यात पूर्वसूचनेसारखी दाखविली होती. या नव्या गाड्यांच्या साच्यांसाठी मोठे भांडवल हवे होते. 1954 मध्ये स्टुडबेकर कंपनी ताब्यात घेतल्यापासून आर्थिक ओढाताण वाढली होती आणि 1956 च्या पूर्वार्धात विमा कंपन्यांनी कर्ज नाकारल्यावर योजना बारगळली. म्हणजे रचना चुकली म्हणून नव्हे, तर पैसा उभा राहिला नाही म्हणून ती थांबली. जून 1956 मध्ये डिट्रॉइटमधील उत्पादन बंद झाले. त्यानंतरच्या पॅकार्ड मोटारी इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे स्टुडबेकरच्या सांगाड्यावर निघाल्या. 1957 मध्ये 4,809 आणि 1958 मध्ये 2,622 गाड्या तयार झाल्या व नाव संपले.

1957 च्या या योजनेसाठी ‘ब्लॅक बेस’ नावाची एक चालती चाचणीगाडी हातजोडणीने बांधली होती. योजना सोडल्यावर ती गॅसच्या ज्योतीने कापून नष्ट करण्यात आली, अशी हकिगत टीग यांच्या आठवणींतून आली आहे. प्रेडिक्टर मात्र वाचली असून ती साउथ बेंड येथील स्टुडबेकर राष्ट्रीय संग्रहालयात आहे.