केटी झाली, पण लेझर काही चालेना

कुठल्या कंपनीने दुसरी विकत घेतली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच मेसेज फिरतो, 'आता त्यांची टेक्नॉलॉजी आपली!' अरे पण पेटंट आली, मशिनी आल्या, ड्रॉइंग आली, डोक्यातलं कसं येणार?

माझ्या जुन्या ऑफिसात दोन टीम एकत्र केल्या तेव्हा आठवडाभर केटी चालली (कॉलेजात लागते ती नव्हे, नॉलेज ट्रान्सफरवाली), शंभर पानी फाइल मिळाली, सर्व्हरला हार घालून नारळही फुटला आणि सोमवारी सिस्टिम झोपली. पलीकडच्या टीममधल्या काकांना फोन केला तर म्हणे, "ती एक सर्व्हिस आधी बंद करायची असते रे, त्यात काय लिहायचं?"

या 'त्यात काय लिहायचं'चा भारी अभ्यास हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात केलाय. कॅनडात टीईए लेझर (गॅसवर चालणारा एक लेझर) तयार झाला, माहिती छापून आली, ब्रिटनमधल्या लॅब तो बनवायला बसल्या. नुसतं वाचून बनवणाऱ्या एकाचाही चालला नाही, ज्यांचा चालला ते सगळे आधीच बनवलेल्या कुणाशी तरी बोललेले होते. गंमत पुढे आहे. या लेझरमध्ये गॅस साध्या हवेच्या दाबाचा असतो, त्यात वीज एकदम आणि सगळीकडे सारखी पसरली पाहिजे, नाहीतर एकाच जागी ठिणगी पडते आणि खेळ खलास. आता साध्या सरळ वायरलाही इंडक्टन्स असतो, म्हणजे करंट अचानक वाढायला ती विरोध करते, वायर लांब तेवढा विरोध जास्त, करंट हळू चढतो आणि तेवढ्यात ठिणगी. म्हणून कपॅसिटरपासून (यात वीज साठते) इलेक्ट्रोडपर्यंतची (यातून ती गॅसमध्ये शिरते) वायर साधारण 8 इंचांच्या आत हवी. एका शास्त्रज्ञाचा पहिला लेझर मस्त चालला, दुसरा चालेना, कारण पहिल्यात मांडणीमुळे वायर आपोआपच आखूड झाली होती. आपल्याला हे येतंय हे त्यालाच माहीत नव्हतं!

टाटा मोटर्सने 2008 मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरला घेतली, आणि लँड रोव्हरच्या डी8 प्लॅटफॉर्मवरून (म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावरून) बेतलेली टाटांची हॅरियर रस्त्यावर आली 2019 मध्ये. सगळी 11 वर्षं शिकण्यातच गेली असं नाही, पण चेक फाडला आणि गाडी आली असंही नाही. हल्ली 'एआयला सगळी डॉक्युमेंट खायला घाला' म्हणतात, अहो जे कुणी लिहिलंच नाही ते तो काय खाणार?

आमच्याकडे शेवटी काकांनाच दोन महिने शेजारी खुर्ची टाकून बसवलं. पहिल्याच दिवशी बोलता बोलता त्यांनी आणखी तीन गोष्टी केल्या, फाइलीत एकही नव्हती.