जुन्या तेलक्षेत्रांतून आणखी किती तेल निघेल?

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर अंतरावरील मुंबई हाय हे तेलक्षेत्र 1974 मध्ये सापडले. त्याचे उत्पादन आता भरभराटीच्या काळापेक्षा बरेच उतरले आहे, तरी तेथील चुनखडकात मूळ साठ्याचा मोठा भाग अजून शिल्लक आहे. साठ्याचा नैसर्गिक दाब आणि नंतर आत सोडलेले पाणी यांच्या बळावर साधारणपणे एक तृतीयांशच्या आसपास तेल वर येते. उरलेले खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत केशिकाबलाने, म्हणजे अरुंद जागेत द्रवाला धरून ठेवणाऱ्या ओढीने, अडकते, किंवा पाणी त्याला बगल देऊन पुढे निघून जाते. ते मिळवण्यासाठी उष्णता, रसायने किंवा वायू वापरण्याला वर्धित तेलप्राप्ती म्हणतात.

देशभरच्या उरलेल्या तेलाची बेरीज करून तिला एकाच टक्केवारीने गुणणे, ही अशा पद्धतींनी मिळू शकणाऱ्या तेलाची दिशाभूल करणारी मोजणी होय. गुजरातमधील मेहसाणाजवळच्या बालोल आणि संथाल क्षेत्रांत तेल फार घट्ट आहे; तेथे जमिनीत हवा सोडून तेलाचा काही भाग साठ्यातच जाळतात आणि त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ होऊन विहिरीकडे सरकते. राजस्थानातील मंगला क्षेत्रात वालुकाश्म सच्छिद्र असून तापमान सुमारे 65 अंश सेल्सिअस आहे, म्हणून पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचे रसायन) मिसळून दाट केलेले पाणी तेथे तेलाला सलगपणे पुढे ढकलू शकते. मुंबई हायमध्ये मात्र तापमान शंभर अंशांहून अधिक असल्याने नेहमीची पॉलिमर टिकणे कठीण, आणि समुद्रातील फलाटांवर रसायने साठवायला जागाही मर्यादित.

त्यामुळे आधी प्रत्येक क्षेत्राची खोली, तापमान, खडकाची पारगम्यता (त्यातून द्रव किती सहज वाहतो), पाण्याचा खारटपणा आणि तेलाची श्यानता (घट्टपणा) पाहून अयोग्य पद्धती वगळाव्या लागतात. मग विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत चाचण्या होतात, संगणकीय प्रारूप तयार होते आणि शेवटी मोजक्या विहिरींवर पथदर्शी प्रयोग केला जातो. या शेवटच्या टप्प्याला माझ्या मते पर्याय नाही, कारण हाताच्या बोटाएवढा नमुना काही किलोमीटर पसरलेल्या साठ्यातील भेगा दाखवू शकत नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये मंजूर केलेल्या धोरणात क्षेत्रांची अशी छाननी आणि पथदर्शी प्रयोग बंधनकारक आहेत, तर वाढीव उत्पादनावर उपकरात सवलत आहे. मात्र वाढीव किती, हे ठरवण्यासाठी नवी पद्धत वापरली नसती तर किती तेल निघाले असते, याचा अंदाज आधीच पक्का करावा लागतो. तो कमी धरला, तर साध्या पाण्याने निघालेले तेलही नव्या पद्धतीच्या खात्यावर जमा होईल.