पिशवी उलटी करून बघा

आमच्या गिरणीत अधूनमधून कुणीतरी मॉलमधल्या मल्टिग्रेन आट्याची पिशवी घेऊन येतं आणि विचारतं, "यात इतकी धान्यं आहेत, तुमच्यात का नाहीत?" आम्ही ती पिशवी उलटी करतो. समोर नाचणी, मका, सोयाबीन, ओट्स यांची रास. मागे बारीक अक्षरात गहू, नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाच किलोत साडेचार किलो गहूच, आणि उरलेल्या अर्ध्या किलोत बाकी सगळ्यांची वाटणी. यात बेकायदा काही नाही. पण त्या अर्ध्या किलोसाठी आपण किती जादा मोजले, हे घरी जरूर काढून बघा.

पाकिटाची पुढची बाजू म्हणजे जाहिरात. मागची बाजू कायद्याने लिहावी लागते. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, सगळ्यात जास्त असेल ते पहिलं. 'डायजेस्टिव्ह', 'नाचणी' किंवा 'ओट्स' म्हणून घेतलेल्या बिस्किटांवर पहिलं नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल, तर तो आपला मैदाच. ब्राउन ब्रेडचं तेच. यादीत 'कॅरॅमल' किंवा त्या रंगाचा क्रमांक '१५०' दिसला तर त्याच्या तपकिरी रंगात कोंड्याबरोबर रंगाचाही हात आहे.

साखरेची गंमत वेगळी. ती एकाच नावाने आली तर यादीत वर दिसते. म्हणून थोडी साखर, थोडं इन्व्हर्ट सिरप, थोडं लिक्विड ग्लुकोज असं विभागलं की प्रत्येक नाव खाली सरकतं. जोडीला माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूडही असते. ती फारशी गोड लागत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. आकडे वाचताना 'प्रति सर्व्हिंग', म्हणजे कंपनीने ठरवलेला एका वेळचा वाटा, सोडून १०० ग्रॅमचा रकाना बघा. २० ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये ६ ग्रॅम साखर किरकोळ वाटते, पण १०० ग्रॅमचा पुडा संपेपर्यंत ती ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे होते. आणि पुडा संपतोच.

तेलाच्या पिशवीवरचं 'कोलेस्टेरॉल फ्री' तर सोडूनच द्या. शेंगदाण्यात, करडईत कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच.

सरकारलाही हे दिसतं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरून '१०० टक्के फळांचा रस' हे शब्द काढायला लावले.

आता आमचंही सांगतो. आमच्या खजुराच्या लाडवांवर आम्ही मोठ्या हौसेने 'शुगर फ्री' छापलं होतं. मधुमेह असलेल्या एका आजींनी गल्ल्यावरच विचारलं, "अरे, मग खजूर गोड कशाने लागतो?" वरून साखर घातली नव्हती हे खरं, पण 'शुगर फ्री' म्हणायला १०० ग्रॅममध्ये जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर चालते, आणि खजुरात ती त्याच्या शंभरपट सहज असते. लेबलं बदलली. आता लिहितो, "खजुराचा गोडवा, मधुमेहींनी जपून."

घरातलं कुठलंही पाकीट घेऊन या, आमचं असो वा दुसऱ्याचं. गल्ल्याजवळ दोरीला भिंग बांधून ठेवलंय. फक्त सकाळी दळणाची गर्दी असते, संध्याकाळी पाचनंतर या.